बारावीनंतरचा ‘ड्रॉप’ : वर्ष घ्या, पण आधी कागदावर मांडा



बारावीचा निकाल लागतो, त्यापाठोपाठ सीईटी, जेईई, नीटचे आकडे येतात, आणि मग गावोगावच्या प्राथमिक शिक्षकांकडेही एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, यंदा नंबर लागत नाही. ड्रॉप घेऊ का?" ही आपण पहिली ते चौथी शिकवलेली लेकरं. नीटमधलं आपल्याला फारसं कळत नाही हे त्यांनाही ठाऊक असतं. तरी विचारतात, कारण कॉलेजातले सर तेवढ्या ओळखीचे नसतात, क्लासवाला ‘घेच’ म्हणतो आणि घरात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नसतं. म्हणून हा विषय हायस्कूल-कॉलेजवाल्यांचा आहे असं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत.

माझं मत आधीच सांगते. एक वर्ष थांबण्यात गैर काही नाही. पण आपल्याकडे एसटीचा पास, वसतिगृह, शिष्यवृत्ती, अगदी गावातली पतसुद्धा, कुठल्या तरी हजेरीपटावर तुमचं नाव आहे की नाही यावर चालते. नाव निघालं की आधार निघाला. म्हणून गरीब घरातल्या मुलाने, आणि त्याहून जास्त मुलीने, कोरा ड्रॉप घेऊ नये. कुठेतरी नाव लावून, थांबायची तारीख ठरवून आणि सगळं एका कागदावर लिहून मगच घ्यावा.

तिकडचा गॅप आणि आपला ड्रॉप

पेपरात अधूनमधून ‘गॅप इयर’वर लेख येतात. ब्रिटनसारख्या देशात मुलं शाळा संपल्यावर वर्षभर फिरतात, कुठे काम करतात, मग विद्यापीठात जातात. वाचायला छान वाटतं. पण तिथे बऱ्याच विद्यापीठांत यंदा मिळालेली जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायची सोय असते, हे त्या लेखांत सहसा येत नाही. म्हणजे पोरगं फिरायला जातं ते परतीचं तिकीट खिशात घालून.

आपल्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत तसं काही नाही. यंदाचे सीईटीचे गुण यंदाच्या प्रवेशापुरते. नीटचंही तेच. पुढच्या वर्षी पहिल्यापासून परीक्षा, पहिल्यापासून अर्ज, आणि नव्या बारावीवाल्यांबरोबर परत रांगेत. यंदा मिळत असलेली जागा सोडली तर ती गेली.

आपल्या बोलण्यातही एक गंमत आहे बघा. ड्रॉप ‘घेतला’ असं आपण म्हणतो आणि गॅप ‘पडला’ असं म्हणतो. जूनमध्ये मोठ्या उत्साहात घेतलेला ड्रॉप दिवाळीपर्यंत पडलेला गॅप झालेला असतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. दोन्हींतला फरक पोराच्या हुशारीचा कमी आणि जून महिन्यात काय ठरवलं याचा जास्त.

पहिल्यांदा हिशोब

पोरगं विचारायला आलं की मी त्याला पहिला प्रश्न विचारते, "किती कमी पडले?" यावर बहुतेकांचं उत्तर "थोडक्यात हुकलं" असं असतं. थोडक्यात म्हणजे किती? नीटचा पेपर १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकलेल्या उत्तराला १ वजा. आता ज्याला हव्या त्या जागेसाठी ४० गुण कमी पडले त्याला साधारण दहा प्रश्न जास्त बरोबर आणायचेत. ज्याला ३०० कमी पडले त्याला पंचाहत्तर. या दोघांचा ड्रॉप एकसारखा कसा असेल? पहिल्याला वर्ष पुरेल. दुसऱ्याला वर्षभर क्लासला पाठवण्याआधी त्याला हे खरंच हवंय का, हे शांतपणे विचारावं लागेल.

दुसरा प्रश्न, गुण नेमके कुठे गेले? सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीला ८० टक्के वजन असतं. नीट आणि जेईईत दोन्ही वर्षं येतात. आणि आपल्याकडे अकरावीचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये. प्रवेश उशिरा, दिवाळीपर्यंत वर्गच बसत नाही, बऱ्याच ठिकाणी कॉलेजात नुसतं नाव आणि पोरगं क्लासमध्ये. असं पोरगं ड्रॉपच्या वर्षात परत बारावीच रटत बसतं आणि अकरावीचं भगदाड तसंच राहतं. मी तर त्याच्याही मागे जाते. रसायनशास्त्राची गणितं येत नाहीत म्हणणाऱ्या पोराला गुणोत्तर आणि शेकडेवारी घालून बघा. निम्म्यांची गाडी तिथेच अडते. ते आपल्या प्राथमिकच्या पदरातलं आहे, म्हणून जरा हळूच सांगते.

तिसरं म्हणजे नियम. ते घरात कुणीतरी नीट वाचलेले असावेत. नीट कितीही वेळा देता येते, वरच्या वयाची अट नाही. हीच सोय काहींच्या मुळावर येते, कारण कुणी थांबवतच नाही. जेईई मेन बारावी झालेल्या वर्षी आणि पुढची दोन वर्षं देता येते, वर्षातून दोनदा असते. जेईई ॲडव्हान्स्ड मात्र लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच. म्हणजे आयआयटीसाठी दुसरा ड्रॉप घेणाऱ्याने तो कशासाठी घेतोय हे स्वतःला विचारावं, कारण दार आधीच बंद झालेलं असू शकतं. एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस एवढंच वय चालतं, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि आता मुलींनाही देता येते. तिथे ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणता म्हणता वय निघून जातं.

बारावीचे बोर्डाचे गुणही पाहा. नीटवरून प्रवेशासाठी खुल्या वर्गाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. एनआयटी-आयआयटीला खुल्या वर्गासाठी ७५ टक्क्यांची किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलची अट आहे. तिथे पोरगं कमी पडत असेल तर आपल्या बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे, तिचा फॉर्म वेळेत भरायला हवा. प्रवेश परीक्षेत चांगले गुण पडले आणि बारावीच्या टक्क्यांनी अडवलं, अशी पाळी कुणावर येऊ नये.

पोरगी असेल तर

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग.

मुलगा ड्रॉपला असला की गावात विचारतात, "सध्या काय करतोय?" आई म्हणते, "नीटची तयारी करतोय." लोक मान डोलावतात. तेच मुलीबद्दल विचारलं की आईच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "घरीच असते." आई खोटं बोलत नसते, मुलगी खरंच घरीच अभ्यास करत असते. पण ‘घरीच असते’ हे ऐकणाऱ्याच्या कानात वेगळंच वाजतं. तुळशीचं लग्न झालं की आत्या, मावश्या, मामा स्थळं सुचवायला लागतात. मुलगी अठराची झालेली असते, म्हणजे कायद्यानेही कुणी अडवू शकत नाही. बाप सुरुवातीला नाही म्हणतो. मग "चांगलं स्थळ आहे, हुंडा मागत नाहीत, पुढे शिकवू म्हणतात" असं होतं. जानेवारीत बघायचा कार्यक्रम, आणि नीटच्या आत, एप्रिलमध्ये, अक्षता.

बापाला दोष देऊन भागत नाही. त्याच्या जागी उभं राहून बघा. पोरगी वर्षभर घरात, क्लास लावायला पैसा नाही, शेजारीपाजारी रोज काहीतरी बोलतात, आणि पुढच्या वर्षी नंबर लागेल याची कुणी खात्री देत नाही. त्याच्या हातात लोकांना द्यायला उत्तरच नसतं. ‘कॉलेजला आहे, पहिल्या वर्षाला’ हे उत्तर त्याच्या हातात असलं तर तो वर्षभर टिकतो. मी अशा घरांत जाऊन बोलले आहे, आणि माझा अनुभव असा की बापाला लांबलचक व्याख्यानापेक्षा एका प्रवेशाच्या पावतीने जास्त बळ येतं.

म्हणून मुलींसाठी माझा आग्रह पक्का आहे. ड्रॉप घ्या, पण तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला किंवा जे मिळेल त्याला नाव घाला. ‘दोन्हीकडे ओढाताण होईल’ असं क्लासवाले म्हणतील. होईल. हजेरी भरावी लागेल, प्रॅक्टिकल असतील, सत्राची परीक्षा मध्ये येईल. पण आता नव्या धोरणानुसार पहिल्या वर्षाचे क्रेडिट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा राहतात, त्यामुळे पुढे कुठे गेली तरी वर्ष अगदीच पाण्यात जात नाही. नियमित कॉलेज जमतच नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून हेच काम करतंय.

नाव लावण्याचे व्यवहारातले फायदेही मोजून बघा. एसटीत अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना मोफत पास मिळतो तो बारावीपर्यंत. बारावी झाली की तो बंद. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचं अर्धं तिकीट झालंय, त्याचा आधार आहे, पण रोज तालुक्याला अभ्यासिकेत जायचं तर अर्धं तिकीटही महिन्याला जड जातं. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासाला बोनाफाईड लागतं, आणि बोनाफाईड द्यायला कॉलेज लागतं. समाजकल्याणचं वसतिगृह, अनुसूचित जातीच्या मुलांची स्वाधार योजना, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्या, सगळीकडे पहिला रकाना ‘प्रवेश कुठे घेतला’ हाच. ड्रॉपवाल्या लेकराला यातलं काहीच नाही. शहरात स्वतःच्या घरी राहून ड्रॉप घेणाऱ्याला हे जाणवतही नाही. ज्याचं सगळं सरकारी आधारावर चाललंय त्याचं मात्र एका झटक्यात सगळं तुटतं, आणि तेही ज्या वर्षी खर्च सगळ्यात जास्त त्याच वर्षी.

आणखी एक गोष्ट पालकांपर्यंत पोचवा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. अनेक घरांत "मेडिकल नाही तर काहीच नको, बाकीच्याची फी कोण भरणार" म्हणून मुलीला ड्रॉपला बसवतात. त्यांना हे सांगितलं की बी फार्मसी, नर्सिंग, इंजिनिअरिंग, शेतकी यांकडे बघायची नजर बदलते. मग काही ठिकाणी ड्रॉपची गरजच उरत नाही.

कागदपत्रांचं वर्ष

ड्रॉपच्या वर्षातला एक हक्काचा फायदा कुणी घेत नाही. कागदपत्रं. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात किती चांगल्या गुणांची मुलं जात वैधतेसाठी धावत असतात ते बघा. आमच्या शाळेत दर जूनला कुणी ना कुणी येतं, "मॅडम, आजोबांचा प्रवेश निर्गम उतारा पाहिजे." जुनं जनरल रजिस्टर काढायचं, मोडी मिसळलेलं अक्षर लावायचं, आजोबांचं नाव एका स्पेलिंगने आणि बापाचं दुसऱ्याने. जात पडताळणीला जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे. आजोबा शाळेतच गेले नसतील तर मग खासरा, जन्ममृत्यूची नोंद, चुलत आजोबा असं शोधत जावं लागतं. हे काम आठ दिवसांत होत नाही. जुलै ते सप्टेंबर या काळात निवांत होतं.

त्याबरोबर नॉन क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस असेल तर ते, अधिवास. नॉन क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून ते केव्हाचं आहे ते बघून ठेवा. नावातली स्पेलिंगची चूक दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरी असेल तर तीही याच काळात दुरुस्त करा. या सगळ्याला पोराने स्वतः जावं, बापाने नाही. तलाठी, सेतू, समाजकल्याण ही ऑफिसं एकदा स्वतः फिरलेलं पोरगं पुढे पुण्याला गेलं तरी गांगरत नाही.

घर, शेत आणि अभ्यास

आमच्या मराठवाड्यात ड्रॉपवाल्याचं पंचांग दोन असतं. एक परीक्षेचं, एक शेताचं. जूनमध्ये पेरणी, तेव्हा उत्साह असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला येतं. ‘घरीच आहेस ना, मग चल’ हे तेव्हा सुरू होतं आणि पोराला नाहीही म्हणता येत नाही. आई-बाप उन्हात राबत असताना पुस्तक धरून सावलीत बसायला जिवावर येतं. मग तुरी, मग हरभरा, मध्येच पाण्याची पाळी रात्रीची.

शेतात जाऊच नये असं मी म्हणणार नाही. उलट सोयाबीनच्या राशीचे आठ-दहा दिवस त्याने जावंच. घरातलं एक माणूस वर्षभर पुस्तकात आणि बाकीचे घामात, असं चाललं की वर्षाच्या शेवटी त्या निकालाचं ओझं फार होतं. पण ते दिवस आधी ठरलेले असावेत. ‘सोयाबीनचे दहा दिवस, तुरीचे चार, बाकी मला हाक मारायची नाही’ असं जूनमध्येच बापाशी बोलून त्याच कागदावर लिहावं. मुलींच्या बाबतीत यात स्वयंपाक आणि पाणी आलं. भाऊ ड्रॉपला असला की त्याला चहा जागेवर मिळतो, बहीण ड्रॉपला असली की चहा तीच करते. हे आयांना सांगायला हवं, आणि ते एका बाईने सांगितलेलं त्यांना पटतं.

पैशाचंही तसंच. लातूरला किंवा पुण्याला ठेवायचं तर क्लासची फी एकटी नसते. खोली, डबा किंवा मेस, टेस्ट सिरीज, गावाकडचं येणं-जाणं. बापाने सगळा आकडा पोरासमोर लिहावा आणि तो कुठून येणार हेही लिहावं. सावकाराकडून किंवा जमीन गहाण टाकून येणार असेल तर माझं स्पष्ट मत, नको. त्या पैशाच्या जोरावर वर्षभर कुणाचा अभ्यास नीट होत नाही, प्रत्येक टेस्टला पोराला वावर दिसतं. तालुक्याची अभ्यासिका, जुनी प्रश्नपत्रिका, एखादा मोबाईलवरचा कोर्स आणि शंका विचारायला एक माणूस, एवढ्यावरही तयारी होते. त्याला शिस्त मात्र जास्त लागते.

अभ्यास कसा करावा यावर मी काही सांगणार नाही, सांगणारे फार आहेत. फक्त एकच. चुकांची वही ठेवा. प्रत्येक टेस्टनंतर चुकलेला प्रश्न त्यात लिहायचा आणि बाजूला कारण, येत नव्हतं, येत होतं पण घाई केली, की वाचलंच चुकीचं. चौथीच्या मुलांकडून मी गणितात हेच करून घेते आणि अठराच्या मुलांनाही तेच लागू पडतं.

आणि पोरगं गप्प गप्प झालं, जेवण कमी झालं, रात्रभर जागं राहायला लागलं, तर ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून सोडून देऊ नका. ड्रॉपमध्ये मित्र पुढे गेलेले असतात, त्यांचे हॉस्टेलचे फोटो स्टेटसला दिसतात. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो. तो अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवायला लाजू नये.

ज्याला नीट-जेईई नकोच आहे

सगळ्यांचा ड्रॉप प्रवेश परीक्षेसाठीच असतो असं नाही. काही पोरांना बारावीनंतर पुढे काय करायचंय तेच कळत नाही, आणि मित्राने घेतला म्हणून तेही नीटच्या नावाने ड्रॉप घेतात. अशा मुलाला मी सरळ सांगते, नीटचं नाव काढ आणि हात कामाला लाव. आयटीआयला दहावीवर प्रवेश मिळतो. वेल्डर, कोपा असे काही ट्रेड वर्षाचेच आहेत. टायपिंगची मराठी ३० आणि इंग्रजी ४० ची सर्टिफिकेटं घेतली तर लिपिकाच्या जागेचे अर्ज भरता येतात. पोलीस भरती डोक्यात असेल तर मैदानाची तयारी आणि लेखी दोन्ही मिळून वर्ष जातंच. गाडीचं लायसन काढ. गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे, मेडिकल दुकानात, सीएससी सेंटरवर सहा महिने काम कर आणि चार पैसे आईच्या हातात ठेव. असं वर्ष काढलेलं पोरगं पुढच्या जूनमध्ये कॉलेजला जातं तेव्हा ते आपल्याला काय नको हे तरी ठामपणे सांगू शकतं. आपल्या लोकांना मात्र हे वर्ष वाया गेलं असं वाटतं आणि क्लासमध्ये झोपा काढलेलं वर्ष अभ्यासाचं वाटतं.

तारीख

कागदावर शेवटी एक तारीख हवी. माझ्या मते ती दिवाळी. जूनपासून दिवाळीपर्यंत चार-साडेचार महिने होतात, तेवढ्यात टेस्टचे गुण कुठल्या दिशेने चाललेत ते कळतं. जून ते दिवाळी गुण जागच्या जागी असतील तर त्याच दिवशी दुसरी वाट पक्की करायची. सीईटीचा फॉर्म, फार्मसी, शेतकी, लागलेल्या कॉलेजात पुढचं वर्ष, जे काही असेल ते. ड्रॉप तिथेच सोडा असं नाही, परीक्षा द्याच, पण नीट नाही झाली तर काय, याचं उत्तर मेमध्ये शोधायचं नाही. सीईटीला तर चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तिची तयारी नीटच्या बरोबरीने होऊन जाते. तरी कितीतरी पोरं ‘लक्ष विचलित होईल’ म्हणून सीईटीचा फॉर्मच भरत नाहीत. याला मी जिद्द म्हणत नाही.

दुसऱ्या ड्रॉपला माझा विरोध आहे. अपवाद दोनच, ऐन परीक्षेत आजारपण किंवा घरातलं दुःख, किंवा गुण खरोखर वाढत वाढत जाऊन अगदी काठावर थांबले असतील. बाकी ‘एवढं केलं तर अजून एक’ हे जुगाराचं तत्त्व झालं. चौकातल्या फ्लेक्सवर निवड झालेल्यांचे फोटो असतात. त्या क्लासला एकूण किती बसले होते हा आकडा फ्लेक्सवर कधी कुणी पाहिलाय?

तारीख नसलेलं थांबणं काय असतं ते आमच्या डीएडवाल्यांच्या पिढीला चांगलं माहीत आहे. २०१२ ला शिक्षक भरती थांबली. २०१३ ला टीईटी आली, २०१७ ला अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल. ‘यंदा भरती निघणार’ या एका वाक्यावर कितीतरी हुशार मुला-मुलींची पाच-सहा वर्षं गेली. त्यात जी मंडळी मुक्त विद्यापीठातून बीए करत राहिली, शिकवण्या घेत राहिली, ती भरती निघाली तेव्हा तयार होती किंवा तोवर दुसरीकडे लागली होती. जी नुसती वाट बघत बसली त्यांतल्या कित्येकींची लग्नं झाली आणि डीएडची फाईल माहेरच्या ट्रंकेत राहिली. माझ्या वर्गातल्या चार जणींचं असंच झालं. त्या माझ्यापेक्षा अभ्यासात पुढे होत्या.

राहता राहिलं गॅप सर्टिफिकेट. कुठेच नाव न लावता वर्ष काढलं असेल तर पुढच्या प्रवेशाला गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात आणि शिष्यवृत्तीच्या अर्जातही गॅप दाखवावा लागतो. त्यात या काळात दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतलेला नाही असं लिहून द्यायचं असतं, म्हणून ज्यांनी कॉलेजात नाव लावलंय त्यांनी दुसऱ्याचा मसुदा बघून हे करू नये, त्यांना त्या कॉलेजचा दाखला लागतो. प्रवेश घेताना मूळ कागदपत्रं जमा करण्यापूर्वी प्रत्येकाच्या चार-चार साक्षांकित प्रती काढून ठेवा आणि स्कॅन करून आईच्या मोबाईलमध्येही टाका. दाखला परत मिळायला कॉलेजात चार खेपा होतात, आणि त्या प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी घालायच्या नसतात.